पुलांचा ईसीजी

(१९८५ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत. विषय काय, असं विचारलं तर म्हणाले, "तू नेमकं काय काम करतेस, ते एकदा सगळ्यांना समजेल असं सांग." आपल्या ग्रुपवर मला कुणी ‘पूलवाली’ म्हणतं, कुणी ‘धरणवाली’. मागच्या दिवाळीत तर एकाने स्वतःच्या सासऱ्यांना माझी ओळख ‘पुलांचा ईसीजी काढणारी बाई’ अशी करून दिली. हसू नका, तिन्हींत तीच ओळख खरी आहे.

कराडला सिव्हिल इंजिनिअरिंग करून बाहेर पडले तेव्हा वाटलं होतं, आयुष्यभर बांधायचं. चार वर्षं बांधलंही. पुढची तीसेक वर्षं मात्र दुसऱ्यांनी बांधलेलं नीट उभं आहे का, हे बघण्यात गेली. पूल, धरणाच्या भिंती, उंच पाण्याच्या टाक्या, साखर कारखान्यांच्या चिमण्या. यांच्यावर सेन्सर बसवायचे, ते काय सांगतात ते वर्षानुवर्षं ऐकायचं आणि काही बिघडतंय असं वाटलं तर ज्याच्या ताब्यात ती वस्तू आहे त्याला सांगायचं. यातला पहिला भाग सोपा, दुसरा कंटाळवाणा आणि तिसरा सगळ्यात अवघड.

उन्हाळ्याच्या तोंडावर बाजारात माठ घेताना आपल्या आया काय करायच्या, आठवा. माठ एका हातावर तोलायचा आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने टिचकी मारायची. खणखणीत वाजला तर चांगला. बोदा आवाज आला की कुंभाराने कितीही शपथा घेतल्या तरी माठ परत. चीर डोळ्यांना दिसत नसते, पण माठ ती लपवू शकत नाही. पूर्वी स्टेशनवर गाडी थांबली की एक माणूस लांब दांड्याचा हातोडा घेऊन डब्यांच्या चाकांवर ठोकत जायचा. त्याचंही काम हेच.

वस्तू जितकी ताठ तितकी ती भरभर थरथरते आणि जितकी जड तितकी सावकाश. भेग पडली, गंज चढला, सांधा ढिला झाला की ताठपणा कमी होतो आणि थरथरण्याचा वेग बदलतो. पुलाला टिचकी मारायला आपलं बोट पुरत नाही, पण ते काम वाहनं आणि वारा आपणहून करतात. मोटारसायकल पुलाच्या मध्यावर थांबवा, शेजारून भरलेला ट्रक जाऊ द्या. पायाखाली सेकंदाला दोन-चार वेळा जे हलतं, तो पुलाचा स्वतःचा सूर. तो मोजणारं यंत्र आज तुमच्या प्रत्येकाच्या खिशात आहे. मोबाईल आडवा केला की चित्र आडवं होतं ना? ते ज्या चिमुकल्या चिपमुळे होतं, त्याच जातीची चिप, जास्त संवेदनशील, आम्ही पुलाला चिकटवतो.

दुसरा सेन्सर सांगते, कारण तो मला समजला तो संगीताच्या बाईंमुळे. प्रार्थनेआधी बाई तंबोरा लावायच्या. खुंटी पिळली की तार ताणायची आणि स्वर चढायचा. आमच्याकडे पोलादाच्या छोट्या नळीत एक तार ताणून बसवलेली असते. साईटवर तिला सगळे व्हायब्रेटिंग वायर म्हणतात. ही नळी काँक्रीटमध्ये पुरायची. काँक्रीट ताणलं गेलं की तार ताणते, दाबलं गेलं की सैल पडते. बाहेरून विजेचा एक हलका झटका देऊन ती छेडायची आणि स्वर मोजायचा. स्वरावरून तारेचा ताण आणि तारेच्या ताणावरून काँक्रीट किती ताणलं गेलंय ते कळतं. धरणाच्या पोटात घातलेले असे तंबोरे वर्षानुवर्षं वाजत राहतात. आम्ही जे मोजतो त्या एककाला मायक्रोस्ट्रेन म्हणतात. एक मीटर लांबीची वस्तू मिलिमीटरच्या एक हजारांश भागाने वाढली की एक मायक्रोस्ट्रेन. भरलेला ट्रक काँक्रीटच्या पुलावरून गेला तर तुळईच्या तळाशी काही दहा मायक्रोस्ट्रेन उमटतात. आणि तेवढ्यासाठी आमच्यासारखी माणसं पुलाखाली पाळण्यात लटकतात.

तिसरा प्रकार काचेच्या तंतूचा. केसाएवढ्या जाडीच्या ऑप्टिकल फायबरमध्ये ठरावीक जागी अतिसूक्ष्म रेषा कोरलेल्या असतात. प्रकाश सोडला की त्या रेषा फक्त एकाच रंगाचा प्रकाश परत पाठवतात. तंतू ताणला गेला की परत येणारा रंग किंचित बदलतो. एकाच तंतूवर अशा कितीतरी जागा कोरता येतात, आणि त्यातून वीज वाहत नसल्याने पावसाळ्यातल्या विजांची भीती नाही. ज्याने सह्याद्रीत एका रात्रीत सगळं उपकरण जळालेलं पाहिलं आहे, त्याला याचं मोल कळतं.

यंत्रांचं एवढं पुरे. आता आपल्या कोयनेकडे येते, कारण या विषयातली जगातली एक फार मोलाची नोंद आपल्या तालुक्यात झाली आहे आणि ती आपल्याला कुणी शाळेत सांगितली नव्हती.

११ डिसेंबर १९६७, पहाटे ४ वाजून २१ मिनिटं. आपली तुकडी तेव्हा जन्मालाही आली नव्हती. पण समोर बसलेल्या गुरुजनांपैकी काहींनी ती पहाट अंगावर घेतली आहे. कोयनानगर जमीनदोस्त झालं, पावणेदोनशेहून अधिक माणसं गेली. आपल्या घरांमध्ये कितीतरी वर्षं ‘भूकंपाआधी’ आणि ‘भूकंपानंतर’ अशीच कालगणना होती. १९६२ पासून जलाशय भरू लागला तेव्हापासून आसपास जमिनीतून आवाज येत होते, बारीक धक्के बसत होते. म्हणून धरणाच्या परिसरात भूकंपमापक यंत्रं बसवली गेली. आणि धरणाच्या आतल्या गॅलरीत धक्क्याचा जोर मोजणारं एक यंत्र होतं. त्या पहाटे ते चालू होतं.

धरणाचं डिझाइन करताना, त्या काळच्या रीतीप्रमाणे, भूकंपाचा आडवा जोर गुरुत्वाकर्षणाच्या ०.०५ पट धरलेला होता. गॅलरीतल्या यंत्राने प्रवाहाच्या दिशेत सुमारे ०.४९ पट आणि धरणाच्या लांबीच्या दिशेत सुमारे ०.६३ पट नोंदवला. हे दोन आकडे एकमेकांनी सरळ भागायचे नसतात. एक कायमचा जोर धरून केलेलं गणित आहे, दुसरा क्षणभराचा कळस आहे. तरीही फरक केवढा, ते इंजिनिअर नसलेल्यालाही कळेल. १०३ मीटर उंचीचं धरण उभं राहिलं. पण पाणी जिथून सांडत नाही त्या भागातल्या उंच ठोकळ्यांना आडव्या भेगा गेल्या. पाण्याच्या अंगाला आणि बाहेरच्या अंगालाही, जिथे भिंतीचा उतार बदलतो त्या उंचीच्या आसपास. पुढे मागच्या बाजूने काँक्रीटचे भक्कम टेकू देऊन तो भाग मजबूत केला गेला. पाटणकडून वर जाताना ते आपण शंभरदा पाहिले असतील.

आता माझ्या धंद्याच्या दृष्टीने यातली गोष्ट. भेगा पडलेली बांधकामं जगात खूप आहेत. पण भेगा पडलेलं धरण, त्याच धरणात नोंदला गेलेला धक्का आणि भेगांची नेमकी जागा हे तिन्ही एकत्र असणं फार दुर्मीळ. त्यामुळे आजही जगाच्या कुठल्याही कोपऱ्यात काँक्रीटच्या धरणाचं भूकंपाचं गणित शिकणारा विद्यार्थी सरावाला कोयना घेतो. परदेशात एका प्रशिक्षणाला गेले असताना फळ्यावर आपल्या धरणाची आकृती काढलेली पाहिली. शेजारच्या जपानी मुलाला म्हटलं, माझं गाव इथून पलीकडे आहे. त्याला वाटलं, मी थट्टा करतेय.

ते यंत्र १२ डिसेंबरला बसवलं असतं तर? चांगलं यंत्र, योग्य जागी, एक दिवस उशिरा. सेन्सर हा औषध नाही आणि टेकूही नाही. तो वही आहे, आणि वहीत आधीची पानं भरलेली असतील तरच पुढच्या पानाला अर्थ येतो. माझ्याकडे लोक येतात ते बहुधा भेग रुंदावल्यावर. "मॅडम, सेन्सर लावून सांगा, पूल किती बिघडलाय." चांगला असताना त्याचा सूर काय होता, हे कुणी मोजलेलंच नसेल तर मी कशाशी ताडून बघणार?

त्यातही एक गंमत आहे. चांगल्या पुलाचा सूरही एकच नसतो. उन्हात लोखंड आणि काँक्रीट प्रसरण पावतं, हे विज्ञानाच्या सरांनी आपल्याला गोळा आणि कडी घेऊन दाखवलं होतं. शंभर मीटर लांबीच्या पोलादी पुलाचं तापमान वीस अंशांनी वाढलं तर तो सुमारे चोवीस मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ इंचभर लांबतो. सकाळ-दुपारच्या या श्वासात ट्रकचे मायक्रोस्ट्रेन कुठल्या कुठे बुडून जातात. स्वित्झर्लंडमध्ये झेड-२४ नावाचा एक महामार्गावरचा पूल १९९८ मध्ये पाडायचा होता. तिथल्या आणि आसपासच्या संशोधकांनी ती संधी साधली. पाडण्याआधी जवळजवळ वर्षभर त्याचा सूर मोजला, मग मुद्दाम एकेक इजा करत गेले. खांब थोडा खचवला, तारा कापल्या, आणि प्रत्येक वेळी पुन्हा मोजलं. काय दिसलं? कडाक्याच्या थंडीत रस्त्याचं डांबर गोठून टणक होई आणि पूल ताठ झाल्यासारखा वागे. हा फरक काही खऱ्या इजांमुळे पडणाऱ्या फरकापेक्षा मोठा होता. म्हणजे ज्याच्याकडे हिवाळ्याची नोंद नाही, तो उन्हाळा आला म्हणून घाबरेल. किंवा त्याहून वाईट, खरी इजा ‘ऋतुबदल’ म्हणून सोडून देईल. आता ऋतू आणि इजा वेगळी करण्यासाठी संगणक शिकवून तयार करतात. पण त्या संगणकालाही शिकायला निदान एक पूर्ण वर्ष लागतंच. घाई चालत नाही.

सगळं वरून मोजता येतं असंही नाही. महाडजवळ मुंबई-गोवा महामार्गावरचा सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी कमानींचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला. एसटीच्या दोन गाड्या त्यात गेल्या. काळोख, मुसळधार पाऊस, आणि पुढे पूल नाही हे चालकाला कळायला काहीही मार्ग नव्हता. आपल्यातल्या कुणाचे नातलग त्या रस्त्याने जात नाहीत? त्यानंतर जुन्या पुलांच्या तपासणीची लाट आली, आणि माझ्या फोनलाही काही महिने उसंत नव्हती.

पुराच्या पाण्यात पूल जातात ते बऱ्याचदा वरून नाही, खालून. पाणी खांबाला अडलं की भोवरा होतो आणि तो पायाजवळची वाळू-माती उपसतो. ओढ्यात उभं राहिल्यावर टाचेखालची वाळू सरकते तसंच. खड्डा सर्वांत खोल असतो तो पूर ऐन भरात असताना. पूर ओसरताना वरून आलेला गाळ त्याच खड्ड्यात बसतो. मग मे महिन्यात, नदी कोरडी असताना, तपासणीला गेलेल्या माणसाला काय दिसतं? सपाट तळ. सगळं छान. पण तो भराव भुसभुशीत असतो, पुढच्या पुरात पहिल्या तासाला निघून जातो. इथे डोळा कितीही तयार असला तरी उपयोगाचा नाही, कारण बघायची वेळच चुकीची आहे. म्हणून आता खांबाला सोनार लावतात, जे पुरातही आवाजाच्या लहरींनी तळ किती खोल गेला ते मोजत राहतं. दुसरी युक्ती मला फार आवडते. पायाजवळ वेगवेगळ्या खोलीवर छोटे तरंगणारे ट्रान्समीटर पुरून ठेवायचे. पुरलेले असतात तोवर ते गप्प. माती त्यांच्यापर्यंत उपसली गेली की सुटून वर येतात आणि वर येताच संदेश पाठवतात. आयुष्यभर मातीत झोपून राहायचं आणि एकदाच ओरडायचं. दगडी कमानीच्या जुन्या पुलांवर मला विचाराल तर, पैसा थोडा असेल तर तो आधी इथे आणि पाण्याची पातळी मोजण्यावर घाला. वरची चमचमती यंत्रं नंतर.

आता तिसरा, अवघड भाग. तुम्हाला वाटत असेल, सेन्सर बसवला, संगणक जोडला, झालं. मी पाहिलेल्या बंद पडलेल्या यंत्रणांपैकी निम्म्याहून अधिक कशामुळे बंद पडल्या, सांगू? तांब्यासाठी केबल चोरीला गेली. सौर पॅनेल कुणीतरी घरी नेलं. डब्यात गांधीलमाश्यांनी पोळं केलं आणि वर्षभर कुणी झाकण उघडायला तयार नव्हतं. एका पुलावर तर सगळं शाबूत होतं, फक्त माहिती पाठवणाऱ्या सिमकार्डाचं रिचार्ज संपलं होतं. ते कोणत्या हेडमधून भरायचं, यावर सात महिने पत्रव्यवहार झाला. त्या पुलाचं नाव मी सांगणार नाही, तो अजून उभा आहे. पण त्या सात महिन्यांत त्याला काही झालं असतं तर आमच्या अहवालात काय आलं असतं? कोरं पान.

दुसरा अनुभव आपल्या ऊसपट्ट्यातला. एका पुलावर आमचे ताणमापी दिवसभर शहाण्यासारखे वागत. नोव्हेंबर उजाडला आणि रात्री अकरा ते पहाटे चारच्या दरम्यान आकडे एकदम चढायला लागले. संगणकाने लाल खूण दिली. मुलं म्हणाली, सेन्सर बिघडला. मी म्हटलं, कारखान्याची तारीख बघा. गळीत हंगाम सुरू झाला होता. दिवसा तपासणी असते म्हणून जादा भरलेल्या उसाच्या गाड्या रात्री निघत होत्या, एकामागोमाग एक, पुलाच्या एकाच अंगाने. बसलेले सगळे बागायतदार, माझ्याकडे असं बघू नका. कुणाच्या ट्रॉल्या होत्या ते सेन्सरला कळत नाही. आम्ही कळवलं, आणि त्या वेळी तिथला एक तरुण उपअभियंता असा निघाला की त्याने दुसऱ्याच रात्री पुलाच्या दोन्ही तोंडांना माणसं उभी केली. बस्स. यंत्राने जे केलं त्याच्या दसपट काम त्या पोराने केलं, आणि त्याला त्याबद्दल शाबासकी नाही, फोनवरून बोलणी मिळाली.

ऐकणारा माणूस असला की काय होतं, याचं एक उदाहरण रामेश्वरमचं आहे. तिथे गेलेल्यांना समुद्रावरचा जुना पांबन रेल्वेपूल आठवत असेल. १९१४ सालचा. खाऱ्या वाऱ्यात शंभरहून अधिक वर्षं उभा. शेवटच्या काही वर्षांत आयआयटी मद्रासच्या मंडळींनी त्यावर सेन्सर बसवले होते. डिसेंबर २०२२ मध्ये त्या यंत्रणेने धोक्याचा इशारा दिला आणि रेल्वेने पुलावरची वाहतूक थांबवली. यात्रेकरूंची गैरसोय झाली, मंडपमला उतरून रस्त्याने जावं लागलं, लोक चिडले. पण गाड्या थांबल्या. पुढे एप्रिल २०२५ मध्ये शेजारचा नवा पूल सुरू झाला. याची बातमी फारशी कुणाच्या लक्षात राहत नाही, कारण काही घडलंच नाही. माझ्या कामाचं यश असंच असतं, फोटो काढण्यासारखं काही नसतं.

उलट बाजूही सांगायला हवी. अमेरिकेत मिनिॲपोलिस शहरात १ ऑगस्ट २००७ रोजी मिसिसिपी नदीवरचा महामार्गाचा पूल संध्याकाळच्या गर्दीत कोसळला. तेरा माणसं गेली. चौकशीत निघालं की सांध्यावरच्या पोलादी पट्ट्या मूळ डिझाइनमध्येच हव्या त्याच्या निम्म्या जाडीच्या होत्या. आणि त्या पट्ट्या वाकलेल्या दिसतात असे फोटो काही वर्षं आधीच फाइलमध्ये होते. तपासणी झाली होती, फोटो निघाले होते, पण बघून कुणी थांबलं नव्हतं. वर्षभरात तिथे नवा पूल झाला आणि त्यात तीनशेहून अधिक सेन्सर घातले. चांगलंच केलं. पण मला राहून राहून वाटतं, त्या वाकलेल्या पट्ट्या दिसायला सेन्सर लागलाच नव्हता.

आता घरचा विषय. आज आपण सभागृहात नाही, मांडवात बसलो आहोत. सकाळपासून तीन-चार जणांनी माझ्याजवळ येऊन विचारलं की ज्या स्टेजवर आपण गॅदरिंगला नाचलो, तिथेच कार्यक्रम का नाही? त्याला जबाबदार मी आहे. तक्रारी माझ्याकडे करा.

आपल्या दगडी सभागृहाच्या मागच्या भिंतीत, गॅलरीच्या खाली, एक तिरकी भेग आहे. ती आपल्या वेळीही होती, तिच्यात आपण चिठ्ठ्या खुपसायचो. भूकंपानंतर तिथे लोखंडी पट्ट्या मारल्या होत्या, त्याही गंजल्या आहेत. आपल्या तुकडीने जमवलेल्या पैशांचं काय करायचं, यावर ग्रुपवर दोन महिने महाभारत चाललंय. अर्धे म्हणतात, पाडा आणि नवं बांधा, नावाची पाटी लावा. अर्धे म्हणतात, दगडाला हात लावाल तर बघा. दोन्ही बाजूंनी मला फोन करून आपल्या बाजूने बोलायला सांगितलं. मी दोन्हीकडे एकच उत्तर दिलं: ती भेग हलते आहे का, हे तुमच्यापैकी कुणाला माहीत आहे?

तीस वर्षं तशीच स्थिर असलेली भेग आणि या वर्षी वाढणारी भेग, दिसायला सारख्याच दिसतात. एक चुन्याने भरून टाकायची असते आणि दुसरीखाली मुलांना बसवायचं नसतं. शिवाय आपल्या इमारतीची मागची बाजू काळ्या मातीवर आहे. ती माती उन्हाळ्यात आकसते, पावसाळ्यात फुगते, त्याबरोबर भिंतही थोडी हलणार. त्यामुळे एकदा मोजून उपयोग नाही, चारी ऋतू बघायला हवेत. स्वित्झर्लंडच्या पुलाची गोष्ट मी उगाच नाही सांगितली.

म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मी येऊन भेगेवर तीन ठिकाणी खुणा बसवल्या. यात वीज नाही, सिमकार्ड नाही, चोरण्यासारखं काही नाही. भेगेच्या दोन्ही बाजूंना चिकटवलेल्या, एकावर एक सरकणाऱ्या दोन पारदर्शक पट्ट्या आहेत. एकीवर मिलिमीटरची जाळी, दुसरीवर फुली. भिंत हलली की फुली जाळीवर सरकते. पूर्वी याच कामाला काचेची पट्टी प्लास्टरने चिकटवायचे. भेग वाढली की काच तडकायची. पण ती फक्त हललं एवढंच सांगायची, किती आणि कुठे ते नाही. पायाचं, पट्ट्यांचं आणि चुन्याचं रीतसर तपासणीचं काम वेगळ्या तज्ज्ञांकडे द्यायचं आहे. ते मी करणार नाही, कारण मी या शाळेची आहे आणि माझं मन निवाडा द्यायला निर्मळ नाही. पैशांतला पहिला भाग तिथे खर्च करावा, अशी माझी तुम्हा सगळ्यांना विनंती आहे. पाटीवर कुणाची नावं घालायची ते वर्षभराने भांडू.

आणि गॅलरी, तसंच तिच्याखालच्या मागच्या आठ रांगा, तपासणी होईपर्यंत बंद. मुख्याध्यापिका बाईंनी हा निर्णय एका दिवसात घेतला आणि दोरी बांधून पाटी लावली. मी आयुष्यात बऱ्याच अधिकाऱ्यांना इशारे दिले आहेत. इतक्या लवकर कुणी ऐकल्याचं फारसं आठवत नाही. वार्षिक स्नेहसंमेलन तोंडावर आहे, पालक नाराज आहेत, त्यांना बोलणी बसत आहेत. आज घरी जाण्यापूर्वी जमलं तर त्यांना भेटा आणि तुम्हीही त्यांच्या बाजूचे आहात एवढं सांगा. एकटीने अशी दोरी धरून उभं राहणं फार जड असतं.

नोंदी ठेवायचं काम नववीच्या मुलांनी घेतलं आहे. दर सोमवारी आणि गुरुवारी, एकाच वेळी, तारीख, वेळ, तापमान, पाऊस असल्यास पाऊस, आणि तिन्ही खुणांचे आकडे. वही विज्ञानाच्या प्रयोगशाळेत कपाटात आहे. नववी पुढच्या वर्षी दहावीत गेली की वही आठवीतून आलेल्या नववीकडे जाईल, अशी व्यवस्था बाईंनी लावली आहे. रिचार्जपेक्षा मला ही जास्त भरवशाची वाटते. आज सकाळी तुम्ही पोहे खात होतात तेव्हा दोन मुली शिडी लावून आकडे घेत होत्या. वेळ नऊ चाळीस, तापमान एकोणीस अंश. पहिली खूण शून्य, तिसरी शून्य, मधली अर्धा मिलिमीटर. "बाई, अर्ध्या मिलिमीटरचा अर्थ काय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, थंडी आहे की भिंत, ते आत्ता नाही सांगता येणार. पावसाळ्यापर्यंत लिहीत राहा, मग मी येते.